मामाच्या विहिरीतली डावखुरी गोगलगाय

खडकवासी (धागाकर्ता)

मंडळी, मामाची शेती हिंगणघाटकडे आहे. उन्हाळ्यात विहीर खोल करायचं काम काढलं होतं आणि मी नेमका तेव्हाच तिकडे गेलो. वरचा मुरूम संपून काळा पाषाण लागला. तो सुरुंग लावून फोडत खाली गेले, तर मध्येच हातभर जाडीचा पांढुरका थर निघाला. कुठे चुन्यासारखा भुसभुशीत, कुठे गारगोटीसारखा टणक. त्याच्याखाली पुन्हा आपला ओळखीचा मांजऱ्या, म्हणजे भोकाभोकांचा दगड. क्रेनने वर टाकलेल्या ढिगात त्या पांढुरक्या दगडाचा एक तुकडा हाती लागला आणि त्यात अंगठ्याएवढी गोगलगाय! पिळदार शंख, दगड झालेला, तोंड डावीकडे.

थोडं वाचलं, त्यावरून एवढं कळलं की काळा पाषाण म्हणजे डेक्कन ट्रॅपचा लाव्हा, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे ही बाई दोन लाव्हांच्या मध्ये राहत होती. इथेच माझं डोकं अडकलंय. डायनासोर संपले त्याच सुमाराचा हा लाव्हा, आणि त्यानेच ते मारले असंही ठिकठिकाणी वाचतो. मग त्याच लाव्हावर गोगलगायी मजेत कशा राहत होत्या? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

शेवंती_पिवळी

वाचतेय. फोटो कुठाय?

खडकवासी

फोटो चढतच नाहीये, तीनदा प्रयत्न केला. शंख साधारण चार सेंटिमीटर, कळस आखूड, शेवटचा वेढा फुगीर.

बेसाल्टकाका

कळस वर आणि तोंड आपल्याकडे धरल्यावर उघडी बाजू डावीकडे येत असेल तर ती फायसा. बहुतेक गोगलगायींचे शंख उजवे असतात, ही डावखुरी. गोड्या पाण्यातली. नागपूर, वर्धा, छिंदवाडा पट्ट्यातल्या या मधल्या थरांची ही जवळजवळ ओळखखूणच आहे. अशा थरांना इंटरट्रॅपियन म्हणतात, म्हणजे दोन लाव्हाथरांच्या मधले.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या विहिरीतच आहे, खालून वर वाचा. सगळ्यात खाली लाव्हा. त्याचा वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला, तोच तुमचा मांजऱ्या. हा लाव्हा थंड झाला. मग शेकडो, हजारो वर्षं, काही ठिकाणी त्याहून जास्त, इथे काहीच ओतलं गेलं नाही. खोलगट जागी पाणी साठलं, तळी झाली, काठाला झाडं आली, मासे, बेडूक, गोगलगायी आल्या. तळाशी गाळ बसत गेला. नंतर पुढचा लाव्हा आला आणि तळ्यावर झाकण बसलं. लाव्हातली सिलिका पाण्यातून झिरपली म्हणून लाकडाचा आणि शंखाचा दगड झाला.

लोकांच्या डोळ्यासमोर एकच प्रचंड उद्रेक येतो, तसं नव्हतं. आज उरलेला डेक्कन ट्रॅप सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर, पश्चिम घाटात जाडी दोन किलोमीटरच्या वर. पण हे सगळं हप्त्याहप्त्याने साचलंय आणि दोन हप्त्यांच्या मध्ये भरपूर सुट्टी. घाटात रस्ता कापलाय तिथे काळ्या खडकांच्या मध्ये गेरूसारखा तांबडा पट्टा दिसतो ना? तीही सुट्टीच. लाव्हाचा माथा उघड्यावर कुजून झालेली माती, वरून आलेल्या लाव्हाने भाजलेली.

टेकडीवरचा

काका, मस्त. नागपूरचा आहे म्हणून भर घालतो. हे थर पहिल्यांदा नीट अभ्यासले ते स्टीफन हिस्लॉप यांनी. स्कॉटिश मिशनरी, ज्यांच्या नावाचं नागपुरात कॉलेज आहे तेच. टाकळीला त्यांना ढिगाने जीवाश्म मिळाले. १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं बघून परत येताना ओढ्याच्या पुरात बुडून गेले.

आणि पुढची गंमत. १९८८ मध्ये जी. व्ही. आर. प्रसाद आणि अशोक साहनी यांनी क्रिटेशस, म्हणजे डायनासोरांच्या शेवटच्या काळातला, भारतातला पहिला सस्तन प्राणी जाहीर केला. आत्ताच्या तेलंगणातल्या नास्कलचा, तोही दोन लाव्हांच्या मधल्याच थरातून. चिचुंद्रीएवढा प्राणी, मिळाल्या त्या मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या दाढा. नाव ठेवलं डेक्कनोलेस्टेस हिस्लॉपी. माणूस शंख-शिंपले गोळा करत गेला आणि सव्वाशे वर्षांनी त्याचं नाव एका दाढेला लागलं.

बोरघाट

एक बाळबोध प्रश्न. डायनासोर उल्का पडून मेले ना? आणि आपल्याकडे लोणार आहे. मग तीच का ती उल्का? आमच्या सहलीच्या गाईडने असंच सांगितलं होतं.

मिरग_कोरडा

गाईडला माझा साष्टांग नमस्कार. :)

बेसाल्टकाका

हसू नका हो, हा गैरसमज फार पसरलाय. बोरघाट, लोणारचं विवर १.८ किलोमीटर रुंद आहे आणि ते *बेसाल्टमध्ये* पडलंय. म्हणजे उल्का आली तेव्हा लाव्हा कधीच गोठून गेला होता. आर्गॉन पद्धतीने वय काढलं ते सुमारे ५.७ लाख वर्षं. डायनासोर संपल्याला तोवर साडेसहा कोटी वर्षं होऊन गेलेली.

तुम्ही म्हणता ती उल्का मेक्सिकोत युकातान किनाऱ्यावर पडली. चिक्शुलूबचं विवर सुमारे १८० किलोमीटर रुंद, पडलेला धोंडा दहा-एक किलोमीटरचा. ही गोष्ट उलगडली ती मात्र इटलीत. गुब्बिओ गावाजवळ चुनखडकांच्या मध्ये बोटभर जाडीचा चिकणमातीचा थर आहे. त्याच्याखाली एक सागरी जीवसृष्टी, वर दुसरीच. लुईस आणि वॉल्टर अल्वारेझ या बापलेकांनी आणि फ्रँक असारो, हेलन मिशेल यांनी त्यात इरिडियम मोजलं तर ते आजूबाजूच्या तीसपट निघालं. हा धातू पृथ्वीच्या कवचात अगदी दुर्मीळ, उल्कांमध्ये बराच. १९८० साली त्यांनी मांडलं की आकाशातून काहीतरी आलं. विवर कुठलं हे नक्की व्हायला १९९१ उजाडलं.

सरळमार्गी

मुंबईजवळ समुद्रात ‘शिवा’ नावाचं विवर आहे, त्यानेच डायनासोर मेले, असं व्हॉट्सॲपवर वाचलं होतं.

टेकडीवरचा

शंकर चॅटर्जी यांनी ते मांडलं आहे, व्हॉट्सॲपने शोधलेलं नाही. पण ते उल्काविवरच आहे याला पुरेसा पुरावा नाही, म्हणून बहुतेक भूवैज्ञानिक मानत नाहीत.

मिरग_कोरडा

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

शंखशिंपला

काका, मूळ प्रश्न अजून लटकलाय. सह्याद्रीने मारलं की मेक्सिकोने? मला तर वाटतं आपल्या सह्याद्रीला उगाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलंय.

बेसाल्टकाका

खटला अजून चालूच आहे म्हणा. प्रिन्स्टनच्या गेर्टा केलर वर्षानुवर्षं डेक्कनकडे बोट दाखवत आल्या आहेत. लाव्हा काही धावत जाऊन डायनासोरला गाठत नाही, हे आधी लक्षात घ्या. मारतात ते वायू. गंधकाच्या वायूंनी काही वर्षं गारठा आणि आम्लाचा पाऊस, कर्बवायूने हजारो वर्षं उकाडा.

मग प्रश्न तारखांचा. कुठला लाव्हा उल्केच्या आधीचा, कुठला नंतरचा? २०१९ साली ‘सायन्स’च्या एकाच अंकात दोन गटांचे निबंध आले. ब्लेअर शोन यांच्या गटाने दोन लाव्हांच्या मधल्या थरांतले झिरकॉनचे बारीक स्फटिक शोधून युरेनियम-शिसे पद्धतीने वयं काढली. कोर्टनी स्प्रेन यांच्या गटाने लाव्हातल्याच फेल्डस्पार या खनिजाची आर्गॉनने. सगळा मुख्य खेळ दहा लाख वर्षांच्या आत आटोपला, यावर दोघांचं एकमत. पण शोन म्हणतात, उल्केच्या आधी काही दहा हजार वर्षं मोठा हप्ता सुरू झाला होता. स्प्रेन म्हणतात, सुमारे तीन चतुर्थांश लाव्हा उल्केच्या *नंतर* ओतला गेला.

हे बघायला परदेशी जावं लागत नाही. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला चढा. भूविज्ञानात या थरांची नावंच पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर अशी आहेत, आणि चढताना याच क्रमाने लागतात. जगातले डायनासोर ज्या क्षणी संपले तो क्षण या लाव्हांच्या चळतीत कुठेतरी आहे. वाद एवढाच की तो पोलादपूर थराच्या तळाशी की माथ्याशी. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये असते, पोरं मागे उलट्या करत असतात, पण एकदा थांबून ते तांबडे पट्टे बघाच.

माझं मत विचाराल तर उल्का. कारण तुमच्या विहिरीतली गोगलगाय. लाव्हाच्या प्रत्येक हप्त्यानंतर जीव परत येत होते. तळी पुन्हा भरत होती. डायनासोरसुद्धा पहिल्या हप्त्यांनंतर दिसतात. आधीच्या उकाड्याने सृष्टी खंगली असेल, ते नाकारत नाही. घाव मात्र एका दिवसाचा.

शंखशिंपला

‘घाव एका दिवसाचा’ हे पटलं नाही. डेक्कनमध्ये जीव परत येत होते ते *डेक्कनमध्ये*. मधल्या एका तळ्यावरून जगभरच्या समुद्राचं काय झालं ते कसं ठरवणार? तिकडच्या सूक्ष्म जीवांवर आधीपासून ताण दिसतो म्हणतात.

बेसाल्टकाका

रास्त आक्षेप. तळ्यावरून समुद्राचं सांगता येत नाही, तेवढं मागे घेतो. उल्केचं मत तसंच ठेवतो.

वैदर्भी_ऊन

तुमची पानिपतं चालू द्या. मी फक्त पिसदुऱ्याचं शेण सांगायला आले आहे.

वरोऱ्याजवळ पिसदुरा म्हणून गाव आहे. तिथे लाव्हाच्या खालच्या लॅमेटा थरात डायनासोरची हाडं मिळतात आणि दगड झालेली विष्ठाही. वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रोमबर्ग, अशोक साहनी वगैरेंनी २००५ मध्ये ते शेण विरघळवून सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं. आत काय, तर गवताचे सिलिकाकण! गवताचं पातं बोट कापतं ना, ते ज्या कणांमुळे, तेच. तोवर पुस्तकात असं होतं की गवत डायनासोर गेल्यानंतरचं. चित्रांत डायनासोरच्या पायाखाली नेचे आणि सूचिपर्णीच काढायचे. ते एका शेणाच्या गोळ्याने बदलायला लावलं. आणि सापडलेल्या प्रकारांत भाताच्या नातलगांचेही कण आहेत.

माझं माहेर तिकडचं. लहानपणी त्या वाटेने बैलगाडीतून गेलेय. कुणी सांगितलं असतं तर खाली उतरून बघितलं असतं.

शेवंती_पिवळी

अगं भारीच! म्हणजे गाई-म्हशींच्या आधी डायनासोर चरत होते. वाखूसा (वाचनखूण साठवली).

खडकवासी

वैदर्भीताई, हे माहीतच नव्हतं. मामाच्या गावाहून वरोरा तासाभरावर आहे.

बेसाल्टकाका

जा, पण एक विनंती. काही उचलून आणू नका. थरातून काढलेला दगड मुका होतो. कुठल्या थरात, वर काय, खाली काय, हे सुटलं की तो शोकेसमधला शोपीस. धनंजय मोहबे यांना १९८० च्या दशकात गुजरातेत ढोली डुंगरीला अंड्यांसोबत हाडं असलेला दगड मिळाला. आधी वाटलं, सगळी डायनासोरच्या पिल्लाचीच हाडं. जेफ विल्सन यांना २००१ मध्ये त्यात सापाचे मणके दिसले. साडेतीन मीटरचा साप, फुटलेल्या अंड्याला वेटोळं घालून, शेजारी अंड्यातून नुकतंच निघालेलं पिल्लू. तो दगड कुणी तीन तुकडे करून तिघांना वाटला असता, तर सापही गेला असता आणि गोष्टही.

आकडेमोड

मी जरा लांबून बघतो. ६.६ कोटी वर्षं म्हणजे किती, हे पोराला समजावताना समृद्धी महामार्ग वापरला. नागपूर ते आमणे ७०१ किलोमीटर. पृथ्वी नागपूरला जन्मली, आज आपण आमण्याच्या टोलनाक्यावर. एक किलोमीटर म्हणजे साधारण ६५ लाख वर्षं.

जीवसृष्टीच्या पक्क्या खुणा, ऑस्ट्रेलियातल्या पिलबाराच्या ३४८ कोटी वर्षांपूर्वीच्या जिवाणूंच्या चटया, वाशिम जिल्ह्यात शिरता शिरता लागतात. हवेत ऑक्सिजन साठायला लागतो तो निम्मी वाट व्हायच्या जरा आधी. आणि नंतर? शिर्डी मागे पडली तरी सगळा सूक्ष्म जीवांचाच कारभार. पोरगा म्हणाला, बाबा, झोपू का? कवच-पाय-डोळेवाल्या प्राण्यांची कॅम्ब्रियनमधली गर्दी इगतपुरीच्या थोडी अलीकडे, शेवटचे ८३ किलोमीटर उरल्यावर. डायनासोर संपतात ते शेवटच्या १०० मीटरवर.

मिरग_कोरडा

आकडेमोडसाहेब, आकडा चुकला. ६.६ कोटी भागिले ६५ लाख म्हणजे १० किलोमीटर. शंभर मीटर नाही.

आकडेमोड

अरेरे. बरोबर, १० किलोमीटर. शेवटच्या ४५-५० मीटरवर येतो तो माणूस, म्हणजे आपली जात, ३ लाख वर्षं. आयडी बदलावा लागणार.

टेकडीवरचा

या हिशेबात शहापूरच्या आसपास आमचं चंद्रपूर पण आणा. तिथला दगडी कोळसा पर्मियन काळातला. ग्लॉसोप्टेरिस नावाच्या झाडांची जंगलं, जिभेसारखी पानं. औष्णिक केंद्रात आपण तीच जाळतो. कोळशाच्या खालचा थर तर आणखी अजब. इरईजवळच्या खडकावर हिमनदीने दगड घासत नेल्याचे ओरखडे आहेत. ज्या चंद्रपुरात मे महिन्यात ४७ अंश होतं, तिथे. गोंडवन प्रदेश दक्षिण ध्रुवाकडे होता तेव्हाची गोष्ट.

ही ग्लॉसोप्टेरिस संपली ती २५.२ कोटी वर्षांपूर्वी, पर्मियनच्या अंताला. तेव्हाही आरोपी लाव्हाच, सैबेरियातला. आणि तो डायनासोरच्या अंतापेक्षा मोठा संहार.

शंखशिंपला

हेच म्हणते! सैबेरियाच्या लाव्हाने एवढं मारलं तर डेक्कनला का सोडायचं?

बेसाल्टकाका

कारण लाव्हा कशातून वर आला तेही महत्त्वाचं. सैबेरियात तो तुंगुस्का खोऱ्यातल्या कोळशाच्या आणि मिठाच्या जाड थरांतून आला. ते थर भाजले गेले आणि त्यांचे वायू लाव्हाच्या स्वतःच्या वायूंत मिसळले. डेक्कनखाली तसलं सरपण त्या प्रमाणात नव्हतं. उलट चिक्शुलूबला उल्का पडली ती नेमकी जिप्सम आणि चुनखडकावर. गंधक आकाशात गेलं ते तिथून. धोंडा थोडा पुढेमागे भर समुद्रात पडता तर कदाचित एवढं झालं नसतं.

वरळीकर

मी उशिरा आलो. मुंबईकरांसाठी एक बेडूक ठेवून जातो.

वरळीच्या टेकडीत एकोणिसाव्या शतकात छोट्या बेडकांचे जीवाश्म मिळाले, काळ्या चिखलाच्या थरात, पुन्हा दोन लाव्हांच्या मध्येच. १८४७ मध्ये रिचर्ड ओवेन यांनी त्याला नाव दिलं, तेच ज्यांनी १८४२ मध्ये ‘डायनासोर’ हा शब्द घडवला. आज त्याला इंडोबॅट्राकस म्हणतात. त्याच परिसरात कासवही मिळालं. पण मुंबईचा लाव्हा घाटातल्या लाव्हापेक्षा तरुण आहे. म्हणजे वरळीचे बेडूक उल्का पडून गेल्यानंतरचे.

तर धागाकर्त्याची गोगलगाय, वरळीचे बेडूक आणि कासव, सगळी गोड्या पाण्याची गिऱ्हाईकं. धूळ-काजळीने सूर्य झाकला गेला तेव्हा हिरव्या पानावर जगणारे उपाशी मेले आणि त्यांना खाणारेही. तळ्या-ओढ्यातली पंगत मात्र कुजलेल्या पाल्यापाचोळ्यावर चालते, आणि पाला भरपूर पडला होता. त्यात बेडूक-कासवाला रोज जेवण लागत नाही. मगरी वाचल्या त्यालाही हेच कारण देतात.

वैदर्भी_ऊन

वरळीकर, थर अजून बघायला मिळतो का?

वरळीकर

त्यावर इमारती आहेत, ताई. पायथ्याला गाड्या लावतात.

बोरघाट

माझा प्रश्न बाळबोध होता, पण त्यातून किती निघालं. गाईडला हा धागा पाठवू का?

मिरग_कोरडा

नको, पुढच्या सहलीला तो वरळीत नेऊन पार्किंग दाखवेल.

खडकवासी

सगळ्यांचे आभार. काका, कालच मामाला फोनवर हे सगळं सांगितलं. तुझ्या विहिरीत तळं होतं, त्यात डावखुऱ्या गोगलगायी होत्या, वर लाव्हा आला, वगैरे. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, “मंग पाणी कोन्त्या थरात लागन, थे सांग ना बाप्पा.”

मी काकांच्या भरवशावर सांगितलं, मांजऱ्यात बघ, तो सच्छिद्र असतो.

आज सकाळी फोन आला. लागलं. बेचाळीस फुटांवर, मांजऱ्यातच. गोगलगाय निघाली होती त्याच्या तीन फूट खाली.